पडवीच्या खांबांसाठी जस्त चढवलेले वेज अँकर: कोणते निवडावेत आणि कसे बसवावेत?

प्रश्न: यंत्रशाळा_गोकुळशिरगाव

सर्वांना नमस्कार. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे कास्टिंगच्या मशीनिंगचे लहान वर्कशॉप आहे. इमारतीच्या पश्चिम अंगाला माल उतरवण्यासाठी तीन मीटर रुंदीची पत्र्याची पडवी पावसाळ्यापूर्वी उभी करायची आहे. बाहेरच्या कडेला २३० मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४५० मिलिमीटर खोल असा आर.सी.सी. पट्टा आधीच भरलेला आहे. नकाशात त्याचे काँक्रीट एम २० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) दाखवले असून भरून वर्ष होऊन गेले आहे. त्यावर तीन-तीन मीटर अंतराने ७५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे खांब येतील. फॅब्रिकेटरने १५० बाय १५० च्या, ८ मिलिमीटर जाडीच्या बेस प्लेट सुचवल्या आहेत. त्यांना १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके असतील आणि प्रत्येक भोकात १२ बाय १०० चा वेज अँकर (काँक्रीटमधील भोकात फाकून पकड घेणारा दांडा, व्यास १२ आणि लांबी १०० मिलिमीटर) बसेल.

उद्यमनगरातील दुकानात याच मापाचे दोन प्रकार दाखवण्यात आले. एक चकचकीत आणि स्वस्त आहे, तर दुसरा राखाडी, किंचित खरबरीत आणि बराच महाग आहे. दोन्ही ‘जीआय’, म्हणजे जस्त चढवलेले, म्हणूनच विकले जातात. आमचे मिस्त्री म्हणतात की जुना रॉल बोल्टच (फाकणाऱ्या नळीत आवळला जाणारा बोल्ट) उत्तम, हे नवे प्रकार हवेत कशाला. माप योग्य आहे का, लेप कोणता घ्यावा आणि नट किती आवळावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. याच खेपेला आत जमिनीवर मालाचे रॅकही पक्के करायचे आहेत.

उत्तर: संरचना_राजारामपुरी

आपण तपशिलात मापे दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येईल. आपल्या कामात अँकरच्या व्यासाला मी दुसरे स्थान देईन. पहिली अडचण पट्ट्याच्या कडेची आहे.

वेज अँकरच्या टोकाला शंकूसारखा फुगीर भाग असतो आणि त्याच्यावर पत्र्याची एक कडी बसवलेली असते. नट आवळला की दांडा वर ओढला जातो, शंकू कडीत घुसतो आणि कडी फाकून भोकाच्या भिंतीवर दाबली जाते. अँकर धरून राहतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर. जोरात ओढला असता दांडा तुटण्याआधी बहुधा काँक्रीटचाच एक उताणा शंकू उचलून येतो. हा शंकू वर पसरत जातो आणि पृष्ठभागावर त्याची त्रिज्या अँकरच्या परिणामी खोलीच्या (काँक्रीटच्या पृष्ठभागापासून कडीच्या पकडीपर्यंतच्या खोलीच्या) सुमारे दीडपट होते. म्हणून पूर्ण ताकद हवी असेल तर कडेपासून परिणामी खोलीच्या दीडपट आणि दोन अँकरांमध्ये तिप्पट अंतर असावे लागते.

आता आपली मापे पाहू. बारा मिलिमीटरच्या अँकरची परिणामी खोली ६५ मिलिमीटर धरली, तर कडेपासून साधारण ९८ मिलिमीटर अंतर हवे. आपल्या २३० च्या पट्ट्यावर १०० च्या अंतराने दोन रांगा घातल्या, तर प्रत्येक रांग कडेपासून फक्त ६५ मिलिमीटरवर येते. तेथे शंकू कडेला कापला जातो, म्हणजे ताकद घटते. त्याहून वाईट हे की कडी फाकताना काँक्रीटला बाजूला रेटते, त्यामुळे कडेला उभी चीर पडण्याची भीती असते. बहुतेक कंपन्या या मापाच्या अँकरसाठी जे किमान अंतर देतात, त्याच्या अगदी उंबरठ्यावर आपण उभे आहात. किमान अंतर म्हणजे केवळ चीर न पडता बसवता येईल इतके अंतर. तेथे पूर्ण ताकद मिळेल असा त्याचा अर्थ होत नाही आणि दुकानातील पत्रक वाचताना ही गल्लत फार होते.

माझा सल्ला असा की चार भोकांची चौकोनी प्लेट सोडून द्यावी आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने २६० बाय १००, १२ मिलिमीटर जाडीची प्लेट करून मध्यरेषेवर २०० मिलिमीटर अंतराने दोनच अँकर घालावेत. तसे केल्यास दोन्ही कडांपासून ११५ मिलिमीटर अंतर मिळते, दोघांमधील अंतरही तिपटीहून किंचित जास्त राहते आणि दोन्ही अँकर पूर्ण ताकदीने काम करतात. पट्ट्याच्या टोकाशी असलेल्या शेवटच्या खांबाचीही प्लेट इतकी आत सरकवावी, की टोकाकडचा अँकर टोकापासून किमान १०० मिलिमीटर आत राहील.

दोन अँकर पुरतील का, ही शंका येईल. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला तर दाब प्रति चौरस मीटर सुमारे ०.९१ किलोन्यूटन होतो. एका खांबाच्या वाट्याला तीन मीटर लांबी आणि निम्मी रुंदी, म्हणजे साडेचार चौरस मीटर पत्रा येतो. उचलीचा गुणांक (वाऱ्याच्या दाबाच्या किती पट जोर पत्र्याला वर उचलतो ते) एक धरला तर खांबावर वर ओढणारा जोर सुमारे ४.१ किलोन्यूटन, अर्थात प्रत्येक अँकरवर जेमतेम दोन किलोन्यूटन येतो. एका बाजूला भिंत असलेल्या उघड्या शेडमध्ये हा गुणांक वाढतो, म्हणून मी तो दुप्पट, म्हणजे प्रत्येक अँकरवर सुमारे चार किलोन्यूटन, धरून पाहीन. काँक्रीटला बारीक भेगा असतील असे सावधपणे धरले, तर एम २० मध्ये ६५ मिलिमीटर खोलीच्या शंकूची सुरक्षित ताकद, सुरक्षा गुणांक लावल्यानंतरही, साडेसात किलोन्यूटनच्या आसपास निघते. हा आकडा केवळ काँक्रीटच्या शंकूचा आहे. अँकर शंकू न उचलता नुसताच सरकून बाहेर येण्याची मर्यादा उत्पादकाच्या पत्रकातूनच घ्यावी लागते.

यात एक अट गृहीत आहे. मध्यरेषेवरचे दोन अँकर खांबाला पट्ट्याच्या आडव्या दिशेने कलण्यापासून रोखू शकत नाहीत. म्हणून खांबाचे डोके तुळईने इमारतीच्या कॉलमला किंवा आर.सी.सी. बीमला पक्के जोडलेले असले पाहिजे, नुसत्या विटांच्या भिंतीला जोडून चालणार नाही. तुळई बसेपर्यंत खांबांना तात्पुरते टेकू द्यावेत.

लांबीचाही हिशेब एकदा करावा. प्लेटची जाडी १२, वॉशर आणि नट मिळून सुमारे १३, नटाबाहेर चार-पाच मिलिमीटर आटे आणि प्लेटखाली समतल करण्यासाठी १५ ते २० मिलिमीटर ग्राउट धरला, तर १०० मिलिमीटरच्या अँकरपैकी काँक्रीटमध्ये जेमतेम ५० ते ५५ मिलिमीटर उरतात, आणि त्यातूनही टोकाचा भाग वजा जातो. ताकद खोलीच्या दीड घाताने बदलते. खोली ४० वरून ६० केली तर शंकूची ताकद सुमारे १.८ पट होते आणि कमी केल्यास त्याच वेगाने ती हातची जाते. म्हणून १२० किंवा त्याहून किंचित लांब अँकर घ्यावा आणि त्या मापाला कंपनी किती परिणामी खोली धरते ते पत्रकात तपासावे.

उत्तर: लेप_शिरोली

लेपाविषयी लिहितो, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी आहे. आपल्याला दाखवलेला चकचकीत अँकर विजेच्या साहाय्याने जस्त चढवलेला असणार. त्यावरील थर साधारणपणे ५ ते ८ मायक्रॉनचा असतो. राखाडी अँकर वितळलेल्या जस्तात बुडवलेला किंवा यांत्रिक पद्धतीने जस्त चढवलेला असेल आणि त्यावर ४० ते ५० मायक्रॉन किंवा त्याहून जाड थर अपेक्षित आहे. पहिल्यासाठी भारतीय मानक आय.एस. १५७३ आहे आणि आटे असलेल्या वस्तूंवरील गरम जस्तलेपासाठी आय.एस. ५३५८ आहे. खरेदीच्या कागदावर ‘जीआय’ असे मोघम न लिहिता मानक क्रमांक आणि मायक्रॉन दोन्ही लिहून घ्यावेत.

जस्त दरवर्षी थोडे थोडे झिजत असते. आंतरराष्ट्रीय मानकांत मध्यम क्षरणाच्या वातावरणासाठी वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन अशी झीज धरली आहे. फौंड्रीचा धूर आणि चार महिन्यांची ओल असलेल्या आपल्या वसाहतीतील उघड्या जागेसाठी मी हाच वर्ग धरतो. त्या हिशेबाने ५ मायक्रॉनचा थर अडीच ते सात वर्षांत संपतो, तर ५० मायक्रॉनचा थर वाईटात वाईट धरला तरी वीस वर्षांपलीकडे टिकतो. पश्चिमेकडून येणारा आडवा पाऊस पडवीच्या खांबांच्या बुडाशीच आपटतो आणि प्लेटच्या कडेला पाणी साचते, म्हणून बाहेर चकचकीत अँकर वापरू नयेत. आतले रॅक कोरड्या जागी असतील तर त्यांना मात्र तेच पुरे आहेत. तेथे महाग लेपावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

राखाडी अँकर घेताना त्याच्यासोबत आलेलाच नट वापरावा. जाड लेपामुळे आट्यांची जाडी वाढते, त्यामुळे त्या दांड्यांचे नट थोडे मोठे आटे पाडून बनवलेले असतात. साधा नट त्यावर चढत नाही, आणि तो मोठा नट चकचकीत दांड्यावर चढवला तर सैल बसून आटे सोलले जातात. दुकानात दोन्ही प्रकारांचे नट एकाच डब्यात पडलेले असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शंका असेल तर लेपाची जाडी मोजणारे उपकरण आपल्या भागातील बहुतेक प्लेटिंग आणि पावडर कोटिंगच्या कारखान्यांत असते. दोन-चार नग तेथे दाखवून आणावेत. बसवल्यानंतर दांड्याचे वर आलेले टोक ग्राइंडरने कापू नये, कारण कापलेल्या तोंडावर जस्त राहत नाही. लांबी आधीच नीट निवडली की कापण्याची वेळ येत नाही, तरीही कापावेच लागले तर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत.

उत्तर: जुना_कारागीर_कागल

रॉल बोल्टबद्दल मिस्त्रींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आम्ही कित्येक यंत्रे त्यावर बसवली आणि ती अजून जागेवर आहेत. बोल्ट काढता येतो, यंत्र हलवले तरी जमिनीवर दांडे उभे राहत नाहीत, ही सोय वेज अँकरमध्ये नाही. मग नव्या प्रकाराचा आग्रह कशासाठी?

उत्तर: संरचना_राजारामपुरी

आपला मुद्दा यंत्र वारंवार हलवायचे असते तेथे योग्य आहे. परंतु रॉल बोल्टसाठी भोक बोल्टच्या व्यासापेक्षा बरेच मोठे पाडावे लागते. बारा मिलिमीटरच्या बोल्टला अठरा ते वीस मिलिमीटरचे भोक लागते, त्यामुळे प्लेट आधी बाजूला ठेवून भोके आखावी लागतात आणि अरुंद पट्ट्यात सळई लागण्याची शक्यता वाढते. वेज अँकरचे भोक दांड्याच्याच मापाचे असते, त्यामुळे प्लेट जागेवर ठेवून तिच्याच भोकांतून ड्रिल करता येते. शिवाय पडवीचे खांब हलवायचे नाहीत.

सतत हादरे देणाऱ्या यंत्रांसाठी, उदाहरणार्थ प्रेस किंवा मोठा कॉम्प्रेसर, मी यांपैकी काहीच सुचवणार नाही. हादऱ्याने घर्षणाची पकड सैल होत जाते. तेथे काँक्रीट भरतानाच सोडलेले फाउंडेशन बोल्ट किंवा रासायनिक अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेले दांडे) घालावेत.

उत्तर: हॅमर_आणि_पाना

वरील हिशेबात मला भर घालायची नाही. बसवण्याविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण चांगला अँकर वाया जातो तो याच टप्प्यावर.

आपल्या भागातील काँक्रीटमध्ये काळ्या दगडाची खडी असते आणि ती बिटाचे टोक लवकर झिजवते. झिजलेल्या बिटाने भोक बारीक पडते, अँकर अर्ध्यावर अडतो आणि मग कारागीर घणाचे घाव घालून आटे मुडपून ठेवतो. उलट मशीन हातात डगमगली तर भोक अंडाकृती होते आणि कडी फाकूनही भिंतीला पुरती टेकत नाही. बारा मिलिमीटरच्या अँकरला चांगल्या प्रतीचे नवे बारा मिलिमीटरचेच बिट वापरावे, मशीन हॅमरवर ठेवून काटकोनात धरावी आणि ठरावीक भोकांनंतर बिट बदलावे. हिऱ्याच्या कोअर बिटाने पाडलेले भोक फार गुळगुळीत होते. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर ते टाळावे. प्लेटमधील भोके बारा मिलिमीटरच्या अँकरसाठी चौदा मिलिमीटरची ठेवावीत.

भोक अँकर जितका आत जायचा त्यापेक्षा किमान १२ मिलिमीटर अधिक खोल असावे, म्हणजे उरलेल्या भुकटीला बसायला जागा मिळते. खोली मोजण्यासाठी मशीनच्या हँडलवर येणारी पट्टी वापरावी. बिटाला गुंडाळलेली चिकटपट्टी चौथ्या-पाचव्या भोकापर्यंत सरकते.

भोक साफ करण्याला पर्याय नाही. हातपंपाने फुंकावे, तारेच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने आतून घासावे आणि पुन्हा फुंकावे. भुकटी राहिली तर कडी काँक्रीटऐवजी पिठावर दाबली जाते. पावसाचे पाणी साचलेल्या भोकात भुकटीचा चिखल होतो आणि तो फुंकून निघत नाही, म्हणून काम कोरड्या दिवशी करावे.

अँकर ठोकण्यापूर्वी नट दांड्याच्या वरच्या टोकापर्यंत चढवावा, जेणेकरून हातोड्याचा मार आट्यांवर बसणार नाही. प्लेटमधून अँकर आत ठोकत न्यावा, वॉशर प्लेटला टेकला की हाताने नट आवळावा आणि त्यानंतर टॉर्क रेंच घ्यावा. बारा मिलिमीटरच्या अँकरसाठी अनेक कंपन्या ५० ते ६० न्यूटन-मीटर देतात. आपल्या डब्यावर जो आकडा छापलेला असेल तोच अंतिम मानावा, कारण लेप बदलला की आट्यांतील घर्षण बदलते. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. तेवढ्याच टॉर्कमध्ये ओढ कितीतरी वाढते आणि कडेचे काँक्रीट फुटू शकते. शेवटची आवळणी इम्पॅक्ट रेंचने करणे मला मुळीच मान्य नाही.

हाताने आवळल्यानंतर साधारण तीन ते पाच फेऱ्यांत ठरलेला टॉर्क मिळाला पाहिजे. त्यापूर्वीच पाना अडला तर भोक कमी खोल आहे का ते पाहावे. फेऱ्या वाढतच गेल्या किंवा दांडा गरगर फिरू लागला, तर भोक मोठे झाले आहे किंवा काँक्रीट कच्चे आहे. अशा वेळी बाजूला तारेचा तुकडा किंवा खिळा घालून अँकर घट्ट करण्याची जी पद्धत साइटवर दिसते, ती फसवी आहे. टॉर्क दिसतो, पकड नसते. तो अँकर सोडून द्यावा आणि नवे भोक जुन्या भोकाच्या खोलीच्या किमान दुप्पट अंतरावर पाडावे. जुने भोक न आकसणाऱ्या मजबूत मॉर्टरने भरून घ्यावे. सळई लागली तरी हाच नियम पाळावा आणि सळई कापून पुढे जाऊ नये. पट्ट्यातील सळयांच्या जागा नकाशावरून आधीच आखून घेतल्यास हा प्रसंग बहुतेक टळतो.

प्रश्नकर्ता: यंत्रशाळा_गोकुळशिरगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फॅब्रिकेटरशी बोलून प्लेट बदलून घेत आहोत आणि तुळया इमारतीच्या कॉलमलाच जोडणार आहोत. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. नमुन्यादाखल एक अँकर पट्ट्याच्या मोकळ्या भागात बसवून पाहिला. दुसऱ्या दिवशी टॉर्क रेंच लावला तेव्हा तो आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा बराच आधी फिरला. हे सैल होणे समजावे का? दुसरे असे की आतील जमीन १०० मिलिमीटर पी.सी.सी. (सळईविना साधे काँक्रीट) आणि त्यावर सुमारे ४० मिलिमीटर आय.पी.एस. (सिमेंटच्या फरशीचा वरचा थर) अशी आहे. रॅकसाठी तेथे हेच अँकर चालतील का?

उत्तर: हॅमर_आणि_पाना

टॉर्क कमी होणे अपेक्षित आहे. कडीच्या दाबाखालील काँक्रीट थोडे थोडे दबत जाते आणि सुरुवातीची ओढ काळाच्या ओघात निम्म्याच्या आसपास येऊन स्थिरावते. पत्रकातील ताकदीच्या आकड्यांत हे धरलेले असते. पुन्हा मूळ टॉर्कपर्यंत आवळण्याची सक्ती नाही. मात्र नट हाताने फिरत असेल किंवा दांडा स्वतःच वर सरकलेला दिसत असेल, तर तो अँकर नापास समजावा.

उत्तर: संरचना_राजारामपुरी

रॅकच्या बाबतीत मी सावध राहीन. आय.पी.एस.चे ४० मिलिमीटर खोलीत मोजायचेच नाहीत, कारण तो थर खालच्या पी.सी.सी.ला चिकटलेला आहे याची खात्री नसते. हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेथे अँकर घालू नये. गिलावा आणि टाइल यांनाही हाच नियम लागू पडतो.

राहिलेल्या १०० मिलिमीटर पी.सी.सी.त ६५ मिलिमीटर खोलीचा अँकर घालणे बहुतेक पत्रकांतील किमान जाडीच्या अटीत बसत नाही आणि तो फाकताना खालची बाजू फुटू शकते. एक चाचणी-भोक पाडून पाहावे. भुकटीचा राखाडी रंग जाऊन लालसर मुरूम दिसू लागला की काँक्रीट तेथे संपले, आणि जाडी कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी निघणे नवलाचे नाही.

आणखी एक गोष्ट पडवीलाही लागू आहे. परदेशी पद्धतीने छापलेल्या पत्रकांत ताकदीचे आकडे सी २०/२५ काँक्रीटपासून सुरू होतात. त्यातील पंचवीस हा घनाकृती नमुन्याचा आकडा आहे, म्हणजे ते आपले एम २५ झाले. आपले एम २० त्याखाली येते. शंकूची ताकद काँक्रीटच्या ताकदीच्या वर्गमुळाने बदलते, त्यामुळे फरक दहा टक्क्यांच्या आसपास राहील. पण पत्रकाच्या कक्षेबाहेर असल्यामुळे पट्ट्यातील दोन-तीन अँकरवर ओढ-चाचणी करून घ्यावी. अँकर पुरवणारे विक्रेते हायड्रॉलिक उपकरणाने ही चाचणी करून देतात. हिशेबातील ओढीच्या दीडपट भार देऊन दांडा सरकला नाही तर पुढे जायला हरकत नाही. पी.सी.सी. मात्र बहुधा एम १५ किंवा त्याहून हलके असते, आणि तेथे पत्रकाचा आधारच उरत नाही.

रॅक हलके असतील, वजन सरळ खाली जात असेल आणि अँकरचे काम केवळ पाय जागेवरून सरकू न देण्याचे असेल, तर दहा मिलिमीटरचे अँकर कमी खोलीवर चालतील. मात्र रॅकचे डोके भिंतीतील कॉलमला बांधावे. उंच रॅकवर कास्टिंग ठेवणार असाल, किंवा फोर्कलिफ्टचा धक्का लागण्याची शक्यता असेल, तर प्रत्येक पायाखालची जमीन चौकोनी कापून ३०० मिलिमीटर खोलीचा एम २५ चा ठोकळा सळयांसह भरावा आणि अठ्ठावीस दिवसांनी त्यात अँकर घालावेत. रॅक किती उंच आहेत आणि एका पायावर किती किलो येणार आहे, हे कळवलेत तर ठोकळ्याची लांबी-रुंदी काढून देता येईल.